आजार छातीत, उभारी पायांत

न्यूमोनियाने किंवा कोविडने गंभीर झालेला माणूस अतिदक्षता विभागातून घरी आला की घरच्यांचे सगळे लक्ष त्याच्या फुफ्फुसांवर असते. एक्स-रे सुधारला का, ऑक्सिजन किती दाखवतो, खोकला राहिला का, हेच प्रश्न येणारा-जाणारा विचारतो. खुद्द रुग्णाची तक्रार मात्र वेगळीच असते. कमोडवरून उठताना भिंतीचा आधार लागतो, आंघोळीनंतर अर्धा तास पडून राहावे लागते, एक मजला चढताना मांड्या थरथरतात. या तक्रारीमागे भक्कम पुरावा आहे. टोरोंटोच्या डॉक्टरांनी फुफ्फुसे निकामी होता होता वाचलेल्या १०९ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांत मावणारी हवा सहा महिन्यांत जवळपास पूर्ववत झाली होती, तरीही वर्ष उलटल्यावर ही माणसे सहा मिनिटांत सरासरी ४२२ मीटरच चालू शकत होती, म्हणजे अपेक्षेच्या दोन-तृतीयांश. आपल्याला काय अडते हे सांगताना त्यांनी बोट ठेवले ते गळालेल्या स्नायूंवर आणि थकव्यावर. लंडनच्या २०१३ सालच्या अभ्यासात दिसले की अतिदक्षता विभागातल्या पहिल्या दहा दिवसांतच मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास घटतो. जीव वाचवणारी स्टेरॉइड्सही स्नायू आणि हाडे दोन्ही कमकुवत करतात. तेव्हा बरे होण्याचा हा दुसरा टप्पा मुख्यतः पायांचा, पाठीचा आणि बिघडलेल्या श्वासाच्या लयीचा आहे. चीनमधले ताई ची, बादुआनजिन यांसारखे संथ व्यायाम या टप्प्याला चपखल बसतात ते यामुळेच. ॲक्युप्रेशर त्यांच्या मागून येते, आणि त्याचे काम मर्यादित आहे.

या व्यायामांची परंपरा जुनी आहे. चांगशाजवळच्या मावांगद्वी येथे १९७० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात रेशमावर रंगवलेला एक चित्रपट्ट सापडला. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांच्या आकृत्या आहेत, तरुण आणि वृद्ध, काही उघड्या अंगाने, काही पूर्ण कपड्यांत. आठ हालचालींचे बादुआनजिन सोंग राजवटीपासून ग्रंथांत दिसते. सहा ध्वनी उच्चारत श्वास सोडण्याची लिउझज्वे ही पद्धत पाचव्या-सहाव्या शतकातले ताओ होंगजिंग यांच्या नावाशी जोडली जाते. या सर्व प्रकारांना मिळून आज चीगाँग म्हणतात. २००३ साली चीनच्या क्रीडा प्रशासनाने त्यांतील चार प्रकारांचे प्रमाणित रूप ठरवले, म्हणून आता पुस्तकात किंवा चित्रफितीत दिसणारे बादुआनजिन बहुतेक ठिकाणी सारखेच असते. संशोधकांनाही यामुळे एकच गोष्ट मोजता आली.

फेब्रुवारी २०२० मध्ये वूहान शहरात क्रीडासंकुले आणि प्रदर्शन-दालने रिकामी करून तात्पुरती रुग्णालये उभारली गेली. मास्क लावलेले रुग्ण खाटांच्या रांगांमधल्या जागेत बादुआनजिन करत असल्याची दृश्ये तेव्हा जगभर गेली. जियांगशिया येथील असे एक रुग्णालय तर पारंपरिक चिनी वैद्यकाच्याच हाती होते. तिथे साडेपाचशेहून अधिक रुग्ण राहून गेले आणि त्यांतला एकही गंभीर झाला नाही, असे अभिमानाने सांगितले गेले. हा पुरावा म्हणून स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या रुग्णालयांत मुळात सौम्य आणि मध्यम आजाराचेच लोक घेतले जात होते. त्यांतले बहुसंख्य काहीही न करता बरे होणारच होते. त्यांना काढेही दिले जात होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. घरी गेलेल्या कोविड रुग्णांवर लिउझज्वेचे जे छोटे प्रयोग चीनमध्ये झाले, त्यांतल्या काहींचीही हीच अडचण आहे. महिनाभरात रुग्ण सुधारले हे खरे, पण आजारानंतरच्या त्या महिन्यात माणूस सुधारतच असतो.

खरा पुरावा शोधायला थोडे बाजूला जावे लागते. २००३ च्या सार्स साथीतून उठलेल्या १३३ रुग्णांना हाँगकाँगमध्ये दोन गटांत विभागून एका गटाला सहा आठवडे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम दिला गेला. तो चीगाँग नव्हता, नेहमीचा चालण्याचा आणि ताकदीचा व्यायाम होता. त्या गटाचे सहा मिनिटांतले चालणे सुमारे ७७ मीटरने वाढले, तर नुसत्या वाट पाहणाऱ्यांचे २१ मीटरने. म्हणजे गंभीर फुफ्फुसविकारानंतर बेताचा व्यायाम लाभतो, एवढे यातून निघते. संथ चिनी व्यायाम त्या नेहमीच्या व्यायामाची जागा घेऊ शकतो का, याचे उत्तर जुनाट दम्यासारख्या सीओपीडी या विकारावरच्या अभ्यासांत मिळते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जिच्या लेखकांत सार्सच्या काळात जगाला ठाऊक झालेले झोंग नानशान होते, १२० रुग्णांपैकी निम्म्यांना यंत्रांवरचे रीतसर फुफ्फुस-पुनर्वसन आणि निम्म्यांना ताई ची दिले गेले. बारा आठवड्यांनी दोन्ही गट बरोबरीत होते. शिकवणी थांबल्यावर आणखी बारा आठवड्यांनी ताई चीच्या गटाने जीवनमानाच्या मोजणीत आघाडी घेतली. कदाचित ज्याला यंत्र लागत नाही ते घरी चालू राहिले असावे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ताई चीने चालण्याचे अंतर जवळपास ३० मीटरने वाढल्याचे आढळले, पण धाप कमी झाल्याचे ठामपणे सिद्ध झाले नाही, आणि बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कमी असल्याचेही त्या लेखकांनी नोंदवले. मला यातून मध्यम पण खरा भरवसा वाटतो. अशक्त माणसाला हा व्यायाम झेपतो, चालणे सुधारते, आणि यंत्रांची सोय नसलेल्या घरात तो करता येतो. यापेक्षा मोठा दावा कोणी करत असेल, फुफ्फुसावरचा व्रण विरघळतो किंवा विषाणू मरतो असे सांगत असेल, तर तिथून उठून जावे.

यावर विचारी वाचक म्हणेल, या व्यायामांची उभारणी ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीवर आणि तिच्या नाड्यांवर आहे. ती कुणाला दिसलेली नाही, मग व्यायाम तरी का करावा? व्यायामासाठी आधी ‘ची’ मानण्याची अट मला अनावश्यक वाटते. बादुआनजिन करताना शरीरात काय होते ते साध्या शरीरशास्त्राने समजते. गुडघे किंचित वाकवून दहा-पंधरा मिनिटे उभे राहिल्याने मांड्या आणि नितंबांचे स्नायू काम करतात, आणि आजाराने नेमके तेच खाल्लेले असतात. दोन्ही हात हळूहळू डोक्यावर नेताना बरगड्या फाकतात आणि बसून-निजून आखडलेली पाठ मोकळी होते. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याने तोल परततो. हालचालीची गती इतकी कमी असते की श्वास आपोआप तिच्या मागे चालू लागतो. गंभीर आजारातून उठलेला माणूस उथळ, घाईचा, छातीच्या वरच्या भागातला श्वास घेत असतो; ती सवय मोडायला ही संथ लय मदत करते. उभ्याने केलेल्या ताई ची-चीगाँगला लागणारी ऊर्जा विश्रांतीच्या सुमारे तिप्पट धरली जाते, म्हणजे निवांत चालण्याएवढी. बसून केले तर ती दीडपटीवर येते. एकच व्यायाम खुर्चीवरून सुरू करून उभ्यापर्यंत नेता येतो, ही सोय चालण्यात नाही.

आता प्रत्यक्ष सुरुवात. ताप गेलेला असावा, बसल्या जागी धाप नसावी, आणि ज्या डॉक्टरांनी घरी सोडले त्यांना विचारलेले असावे. हृदयाला सूज आली असेल, फुफ्फुसात गुठळी सापडली असेल किंवा घरी ऑक्सिजन लावला असेल तर त्यांच्या परवानगीवाचून पहिला हातही वर नेऊ नये. पहिला आठवडा बिनहाताच्या पक्क्या खुर्चीवर, पाय जमिनीला टेकवून घालवावा. पहिली हालचाल घ्या: दोन्ही हातांची बोटे गुंफून श्वास घेत तळवे आकाशाकडे न्यावेत, श्वास सोडत हात बाजूंनी खाली आणावेत. दुसरी, धनुष्य ताणल्यासारखी: एक हात बाजूला सरळ, दुसरा कोपरातून मागे, छाती उघडते. तिसरीत एक तळवा वर आणि एक खाली दाबायचा, चौथीत खांदे स्थिर ठेवून मान हळूच मागे वळवायची. प्रत्येक हालचाल तीन-तीन वेळा, मधे विश्रांती, एवढे पाच मिनिटांत होते आणि सुरुवातीला एवढेच पुरे. प्रमाणित क्रमातली पाचवी आणि सहावी हालचाल, म्हणजे कमरेतून झुकून डोके फिरवणे आणि वाकून पायांना हात लावणे, पहिला महिना सोडून द्यावी. डोके छातीच्या खाली गेले की पोट श्वासपटलावर दाबते, धाप लागते, उठताना चक्कर येते. सातवीत मुठी आवळून पुढे ठोसा द्यायचा असतो; ती करताना श्वास कोंडू नये, रक्तदाब वाढतो. आठवीत टाचा उचलून दणकन खाली आपटतात. स्टेरॉइड घेतलेल्या, विशेषतः साठीपुढच्या रुग्णाने टाच आपटू नये. खुर्चीची पाठ धरून चवड्यांवर उठावे आणि सावकाश खाली यावे. पोटऱ्यांना तेवढा व्यायाम पुरतो.

किती करावे हे घड्याळापेक्षा श्वासाने ठरवावे. व्यायाम चालू असताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. शून्य म्हणजे अजिबात धाप नाही आणि दहा म्हणजे जीव गुदमरणे, अशा पट्टीवर दोन-तीनपर्यंत जाण्यास हरकत नाही. चारच्या पुढे गेले तर हालचाल अर्धी करावी. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अनेक घरांत कोविडपासून पडलेले आहे, ते वापरावे. व्यायामाआधी आकडा लिहावा आणि संपल्यावर लगेच पुन्हा पाहावा. आकडा ९० च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा चार अंकांनी उतरला तर थांबून डॉक्टरांना कळवावे. इथे एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात घ्यायची आहे. अमेरिकेतल्या २०२० च्या एका विश्लेषणात कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिमीटरने ऑक्सिजनची खरी कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा लपवल्याचे दिसले. सावळ्या-काळ्या कातडीवर हे यंत्र थोडे आशावादी असू शकते. म्हणून एकट्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा रोजच्या आकड्यांतली घसरण पाहावी, आणि ९४ दिसत असतानाही माणूस निळसर, घामाघूम किंवा गोंधळलेला वाटला तर यंत्रावर विश्वास ठेवू नये. छातीत दुखणे, ठोके चुकणे, थुंकीतून रक्त येणे, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणे, यांतले काहीही झाले तर त्या दिवशी व्यायामाचा विषयच संपला, रुग्णालय गाठावे.

लिउझज्वेमध्ये नाकाने श्वास घेऊन तोंडाने तो लांबवत सोडायचा असतो, आणि सोडताना शू, ह, हू, स्स, च्वे, शी यांपैकी एकेक ध्वनी ओठ-जिभेचा आकार देत उच्चारायचा असतो. परंपरेत प्रत्येक ध्वनी एकेका अवयवाचा, ‘स्स’ हा फुफ्फुसांचा मानला आहे. त्या वाटणीला आधार नाही, पण ओठ-दातांनी वाट अरुंद केल्यामुळे हवा हळूहळू बाहेर जाते, वायुमार्गांत हलका दाब राहतो आणि ते मिटत नाहीत. धाप लागलेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट ओठ चंबूसारखे करून फुंकायला शिकवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. दिवसातून दोनदा, प्रत्येक ध्वनी सहा वेळा, जमेल तितकाच लांब. श्वास ताणून शेवटचा थेंब बाहेर काढण्याची स्पर्धा स्वतःशी करू नये. डोके हलके वाटले तर नेहमीच्या श्वासावर यावे.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो न सांगता व्यायामाचा सल्ला देणे मला धोक्याचे वाटते. कोविडनंतर काही रुग्णांमध्ये श्रमानंतर त्रास उसळण्याची प्रवृत्ती राहते. व्यायाम करताना बरे वाटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, डोके चालत नाही, अंग दुखते. हा आळस नाही आणि मनाचा खेळही नाही. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा रुग्णांच्या स्नायूंतच श्रमानंतर बिघाड वाढलेला दिसला. अशा माणसाला ‘रोज थोडे वाढव’ हा नेहमीचा सल्ला अपाय करतो. ओळखण्याचा मार्ग सोपा आहे: पहिले दोन आठवडे व्यायामाच्या दिवशी न पाहता त्यानंतरच्या दोन दिवसांत कसे वाटले ते वहीत लिहावे. पुन्हा पुन्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळणे दिसत असेल तर व्यायाम वाढवणे थांबवून बसूनच, आणि तोही फक्त श्वासाचा भाग ठेवावा, कामे वाटून घ्यावीत आणि डॉक्टरांना ही वही दाखवावी. घरच्यांनी अशा वेळी ‘उठ, हिंमत कर’ म्हणू नये.

ॲक्युप्रेशरबद्दल आपल्याकडे उत्साह फार आहे. दर दुसऱ्या घरात तळपायाचा नकाशा किंवा टोकदार लाकडी लाटणे सापडते. म्हणून पुराव्याची सीमा स्पष्ट करणे गरजेचे आहे. दाबाने फुफ्फुस भरून येते असे कुठेही सिद्ध झालेले नाही. काही लक्षणांची तीव्रता कमी होते, इतकेच म्हणता येते. तैवानमध्ये २००४ साली ४४ सीओपीडी रुग्णांवर खऱ्या आणि खोट्या बिंदूंची तुलना झाली. चार आठवड्यांनी खरे बिंदू दाबलेल्यांची धाप आणि चिंता जास्त कमी झाली. अभ्यास लहान आहे, दाबणाऱ्याला कोणता बिंदू खरा हे ठाऊक असते, तरी त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. सर्वांत भक्कम पुरावा मनगटाजवळच्या नेइग्वान बिंदूचा आहे, पण तो मळमळीबाबत. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर झालेल्या ५९ चाचण्यांच्या आढाव्यात सुई, दाब आणि विद्युत-उत्तेजन मिळून या बिंदूचा उपयोग औषधाच्या तोडीचा आढळला. प्रतिजैविकांनी तोंडाची चव गेलेल्या, ढवळणाऱ्या रुग्णाला तो करून पाहता येतो: मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटे मोजावीत, दोन कंडरांच्या मधल्या खळग्यात अंगठ्याने एक-दोन मिनिटे सोसेल असा दाब द्यावा. क्षयाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र मळमळ अशी दाबून टाकू नये. तिच्याबरोबर लघवी गडद किंवा डोळे पिवळे होत असतील तर ती यकृताची हाक असते. थकव्यासाठी सांगितला जाणारा झुसानली बिंदू गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटे खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बोट अंतरावर आहे. पाठीवरचे बिंदू मणक्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या फऱ्यांच्या मधे असतात. ते दुसऱ्याने हलक्या तळव्याने चोळले तर रुग्णाला आराम वाटतो आणि आजाऱ्याला हात लावायला घाबरणाऱ्या कुटुंबालाही काहीतरी करता येते. या आरामाला मी कमी लेखत नाही.

नियम मात्र कडक हवेत. गंभीर आजारानंतर अनेकांना रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात. त्यांना लाकडी टोकाने किंवा जोरात दाब दिला तर काळे-निळे डाग पडतात, आत रक्त साकळू शकते. फक्त बोटाचा मऊ भाग वापरावा. एक पाय सुजलेला, गरम किंवा दुखरा असेल तर त्या पायाला दाब, मालिश काहीही करू नये. आत गुठळी असली तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. गळ्याच्या खळग्यातला बिंदू नवख्याने दाबू नये. गरोदर स्त्रीने अंगठा आणि तर्जनी यांमधला हेगू बिंदू आणि पायाच्या आतल्या घोट्याच्या वरचा बिंदू टाळावा, असा परंपरेचाच संकेत आहे. कफ सुटत नसेल तर बिंदूंमागे न लागता फिजिओथेरपिस्टकडून कफ वर आणण्याची पद्धत शिकावी.

राहिला आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप: घरात योग असताना चीनकडे कशाला पाहायचे? जो हळुवार योग जाणतो त्याने खुशाल तोच करावा. भ्रामरीचा लांब गुंजारव आणि लिउझज्वेचा लांब उच्छ्वास यांत शरीराच्या दृष्टीने फार अंतर नाही. पण घरोघरी प्राणायाम म्हणून आधी कपालभाती आणि भस्त्रिका केली जाते, आणि नुकत्या भरून येणाऱ्या फुफ्फुसांना ते जोरकस झटके चालत नाहीत. कपालभातीनंतर छातीत हवा भरून फुफ्फुस मिटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, आणि क्षयाने किंवा कोविडने जागोजागी पातळ झालेल्या फुफ्फुसात तो धोका जास्त मानायला हवा. श्वास रोखून धरणारे कुंभकही तीन-चार महिने नकोत. बादुआनजिनमध्ये यांपैकी काही नाही, आणि ते बहुतांशी उभ्याने होत असल्यामुळे पायांचे काम त्यात आपोआप येते. गादीवर बसून केलेल्या प्राणायामात ते राहून जाते. क्षयातून बरे झालेल्यांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. औषधे संपली की कार्डावर ‘बरा’ असा शिक्का बसतो, धाप तशीच राहते, आणि फुफ्फुस-पुनर्वसनाचे केंद्र तालुक्याच्या गावी सहसा नसते. मला हा लेख सर्वांत आधी त्यांच्या हाती जावासा वाटतो.

प्रगती मोजायला घरातली खुर्ची पुरते. हात छातीवर घडी करून एका मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते दर रविवारी, कुणीतरी जवळ उभे असताना मोजावे आणि वहीत लिहावे. श्रमानंतर कोसळणाऱ्यांनी ही चाचणी करू नये. आकडा वाढत गेला तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून पूर्ण बादुआनजिन उभ्याने, आणि त्याच्या जोडीला सपाट रस्त्यावरचे चालणे सुरू करावे. गंभीर न्यूमोनियानंतर साधारण बारा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढावा. तोवरही आकडा जागचा हललेला नसेल किंवा दोन जिन्यांत ऑक्सिजन घसरत असेल, तर व्यायाम वाढवू नये. फुफ्फुसातून रक्तात ऑक्सिजन किती शिरतो याची चाचणी, सीटी स्कॅन आणि हृदयाची इको यांबद्दल डॉक्टरांना विचारावे.